मराठीत सांगितलेला पत्ता

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, श्यामकांत निमकरांनी आपल्या मुलीचा पत्ता फोनवर मोठ्याने सांगितला.

“बी नाही गं, डी. डी टॉवर, सातवा मजला, सातशे तीन. द्वारका, नीलपर्ण सोसायटी. टॅक्सीवाल्याला मागच्या फाटकाशी आण, राधाची व्हॅन तिथेच थांबते. आया सोबत आहे तिच्या. आणि क्रोसिन कपाटात वरच्या खणात आहे म्हणाली उत्तरा.”

फोन त्यांच्या पत्नीचा, कुमुदताईंचा होता. नऊ वर्षांच्या नातीला शाळेत ताप भरला होता आणि शाळा तिला घरी पाठवत होती. मुलगी, उत्तरा, ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकली होती. कुमुदताई गाझियाबादेतल्या वसुंधराहून निघत होत्या आणि त्यांना टॉवरचं अक्षर आठवत नव्हतं. श्यामकांतांनी ते सांगितलं, फोन खिशात ठेवला आणि घड्याळ पाहिलं. कॉरिडॉरमधल्या लाकडी बाकावर त्यांच्याशिवाय एकच बाई बसली होती. सत्तरीची असेल. डोक्यावर ओढणी, डोळ्यांना हिरवा चष्मा, मांडीवर एक्सरेची मोठी पिशवी.

हिंदीत त्यांनी हे कधीच सांगितलं नसतं. किंबहुना तो पत्ता कुणाला कळू नये म्हणून गेले दोन महिने ते धडपडत होते. पण मराठी म्हणजे दार लावून घेतल्यासारखं. चाळीस वर्षं दिल्लीत काढल्यावर ही सवय अंगात मुरते. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना कुमुदताई बाजारात दुकानदाराच्या तोंडावर म्हणायच्या, “चारशे सांगतोय, दोनशेला देईल, तुम्ही नुसते पुढे चला.” आणि तो द्यायचा. बसमध्ये, दवाखान्यात, साहेबाच्या केबिनबाहेर, जे बोलायचं ते मराठीत बोलून मोकळं व्हायचं. आजूबाजूच्या शंभर माणसांत आपण दोघंच आहोत, असं समजून वागायची त्यांना सवय होती.

बाईने पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

“पोरीला लई ताप आहे का, भाऊ?” तिने विचारलं.

श्यामकांत “नाही, थोडाच” म्हणाले. आपण कुठल्या भाषेत उत्तर दिलं हे त्यांच्या लक्षात यायला एक क्षण गेला. 

“तुम्ही मराठी?”

“नाय हो. इथलीच. नरेल्याकडची. आमचे हे खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. चौदा वर्षं काढली खडकीत. पोरं तिथल्याच म्युनिसिपालटीच्या शाळेत.” ती थोडी हसली. “आता कोण बोलतंय मराठी. तुमचं ऐकलं, बरं वाटलं.”

“इथे कशासाठी आलात?”

विचारताना त्यांना उत्तर कळलं होतं. त्या दिवशी त्या कॉरिडॉरमध्ये अकरानंतर एकाच प्रकरणाची सुनावणी होती.

“मुलाच्या पॅरोलसाठी,” ती म्हणाली. “सतबीर.”

सतबीरने श्यामकांतांच्या जावयाला मारलं होतं. जयदीप. मेट्रो स्टेशनच्या बाहेर, पार्किंगमध्ये, गाडी आधी कुणी काढायची यावरून बोलाचाली झाली आणि सतबीरच्या हातात चाकू होता. उत्तरा सहा महिन्यांच्या राधाला मागच्या सीटवर घेऊन बसली होती. तिने सगळं पाहिलं. सतबीर तेव्हा आधीच एका खुनी हल्ल्याची दहा वर्षांची शिक्षा भोगत होता. म्हणजे भोगत असायला हवा होता. चार आठवड्यांच्या पॅरोलवर बाहेर आला होता, घराचं छप्पर दुरुस्त करायला. कुणीतरी फायलीवर ‘विचार करण्यास हरकत नाही’ असं लिहिलं असणार. श्यामकांतांनी स्वतः छत्तीस वर्षं मंत्रालयात असली वाक्यं लिहिली होती, पेन्शनच्या आणि बदल्यांच्या फायलींवर, आणि ती किती सहज हातातून उतरतात हे त्यांना ठाऊक होतं.

जन्मठेप झाली त्या दिवशी कोर्टातून बाहेर नेताना सतबीर उत्तरासमोर थांबला होता. आवाज न चढवता म्हणाला होता, “मैडम, घर तो ढूँढ लूँगा.”

तेव्हापासून उत्तराने चार घरं बदलली. वीजबिल भावाच्या नावावर, पार्सलं ऑफिसात. राधाला घराचा पत्ता पाठ करू दिला नव्हता. विचारलं तर ‘गुलाबी बिल्डिंग’ म्हणायचं असं शिकवलं होतं. आता सतबीरने पुन्हा, तीन आठवड्यांच्या पॅरोलसाठी अर्ज केला, आणि पोलिसांच्या अहवालाच्या कच्च्या प्रतीत उत्तराचा द्वारकेचा पत्ता टाईप झालेला श्यामकांतांना दिसला. अहवालाची नक्कल अर्जदाराला मिळते. तो पत्ता काढून तिथे आपला वसुंधराचा पत्ता घालून घ्यायला त्यांनी ठाण्याच्या किती चकरा मारल्या हे ठाणेदारालाच माहीत. शेवटी तो वैतागून म्हणाला होता, “अंकलजी, आपसे तो सीबीआय भी हार जाए.” श्यामकांतांना ते आवडलं होतं. घरी जाऊन सांगितलंही होतं.

“तुम्ही त्या पोरीचे वडील,” बाई म्हणाली. प्रश्न नव्हता.

“हो.”

“मी ओळखलं नाही. मला दिसत नाय ना. एका डोळ्याने सावल्या दिसतात नुसत्या. हा दुसरापण चाललाय.” तिने पिशवीवर हात ठेवला. “ऑपरेशनला कोणीतरी सोबत लागतं. धाकटा गुडगावला आहे, तो येत नाय. म्हणतो, मोठ्याची आई आहेस, त्यालाच बोलाव.”

दाराशी बसलेल्या शिपायाने एकदा त्यांच्याकडे पाहून पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं. दोन म्हातारी माणसं गप्पा मारत होती, एवढंच त्याला दिसत होतं.

“मी नाय सांगणार त्याला,” ती हळू म्हणाली. “तुम्ही आता बोललात ते. माझ्या नातीचीच शप्पथ.”

“त्यालाही मराठी येतं?”

“चौथीपर्यंत तिकडेच ना. कोर्टात तुम्ही लोक मागे बसून बोलायचात ते सगळं कळायचं त्याला. मला म्हणायचा, आई, यांना वाटतं आपण बहिरे.”

श्यामकांतांच्या डोळ्यांपुढे ते कोर्ट उभं राहिलं. मागून दुसरा बाक. पार्किंगसमोरचा पानवाला साक्ष देणार होता. कुमुद नेहमीच्या आवाजात, मराठीत म्हणाली होती, हा माणूस पक्का आहे, याची भीती नाही. पुढच्या तारखेला पानवाला फिरला. आपण काहीच पाहिलं नाही म्हणाला. सरकारी वकिलाने खांदे उडवले होते आणि खटला एकट्या उत्तराच्या साक्षीवर उभा राहिला होता.

“तुम्ही नाही सांगणार,” ते म्हणाले. “पण त्याने विचारलं तर?”

अंगूरीने, हे तिचं नाव त्यांना नंतर आदेशात वाचायला मिळालं, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

“विचारतो तो,” ती म्हणाली. “विचारायची त्याची पद्धत वेगळी आहे.”

शिपायाने श्यामकांतांचं नाव पुकारलं.

उपसचिव मॅडम चाळिशीच्या होत्या. टेबल स्वच्छ, बोलणं नेमकं. सतबीर व्हिडिओ कॉन्फरन्सच्या पडद्यावर होता, पाठीमागे तुरुंगाची फिकट भिंत. तो वयाने वाढला होता आणि जाड झाला होता. श्यामकांतांना पाहून त्याने हात जोडले.

मॅडमनी मुद्दे वाचले. तुरुंगातलं वर्तन तीन वर्षं समाधानकारक. पोलिसांचा विरोध आहे, पण तो प्रत्येक अर्जाला याच शब्दांत असतो. मागच्या पॅरोलमध्ये गुन्हा, ही गोष्ट गंभीर. म्हणून नेहमीच्या नियमात बसत नाही. विशेष कारण म्हणून आईची शस्त्रक्रिया, वैद्यकीय कागद खरे आहेत.

“आपको क्या कहना है, सर?”

श्यामकांतांनी महिनाभर भाषण तयार केलं होतं. वारंवार हिंसा करणाऱ्या माणसाच्या बाबतीत सरकारने कुणाचा धोका मोजायचा, असं ते सुरू होत होतं. त्यातलं एकही वाक्य आता त्यांना सापडेना. बाहेर पाच मिनिटांपूर्वी काय घडलं ते सांगितलं, तर अर्ज कदाचित इथेच फेटाळला जाईल. पण सांगायचं कुणासमोर? पडद्यावरचा माणूस ऐकत होता.

“मैडम, मुझे अकेले में कुछ कहना है.”

“लिखकर दे दीजिए. लेकिन सर, आप तो सर्विस में रहे हैं. कॉपी इनको जाएगी. जो मेरे सामने आएगा, वो इनके सामने भी आएगा.”

हे त्यांना ठाऊक होतं. हाच नियम त्यांनी लोकांना समजावून सांगितला होता, त्याच थंड आवाजात.

“तो फिर शर्त लगाइए कि हमारे इलाक़े में न आए.”

“कौन सा इलाक़ा लिखूँ?” मॅडमनी पेन उचललं.

श्यामकांत त्या पेनाकडे बघत राहिले. वसुंधरा म्हटलं तर द्वारका मोकळी. द्वारका म्हटलं तर आदेशात छापून येणार.

“पूरी दिल्ली,” ते म्हणाले.

“इनका घर दिल्ली में है, सर. ऑपरेशन भी.” त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज थोडा मऊ झाला. “देखिए, ये आदमी एक दिन छूटेगा. आज नहीं तो आठ साल बाद. मना करती रहूँ तो भी छूटेगा. तब कोई शर्त नहीं होगी, कोई हाज़िरी नहीं होगी. ये भी मुझे सोचना पड़ता है.”

श्यामकांत म्हणाले, “मेरा विरोध है. लिख लीजिए.”

“लिख लिया.”

बाहेर आले तेव्हा अंगूरी आत जायला उठत होती. शिपाई तिचा हात धरायला विसरला आणि ती दाराच्या चौकटीला धडकली. श्यामकांतांनी तिला कोपराला धरून आत सोडलं. ते असं का करून बसले, हे त्यांना मेट्रोत बसल्यावरही समजलं नाही.

संध्याकाळी द्वारकेच्या त्या फ्लॅटमध्ये राधा तापातून उठून खिचडी खात होती. तिला कार्टून लावून देऊन श्यामकांतांनी स्वयंपाकघरात दोघींना सांगितलं. कुमुदताई मटकन स्टुलावर बसल्या.

“अहो, मला जन्मभर सांगत आलात, हळू बोल, हळू बोल. आणि स्वतः? सरकारी कचेरीत?”

“तू विचारलंस म्हणून सांगितलं ना.”

“मी विचारलं! म्हणजे आता माझ्यावर आलं का? मेसेज करता येत नव्हता?”

“खिशातून चष्मा नव्हता काढलेला.”

“चष्मा नव्हता काढलेला!” कुमुदताईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या की काय ते कळेना.

उत्तरा ओट्याला टेकून उभी होती. ऑफिसचं कार्ड अजून गळ्यात होतं.

“काय म्हणाली ती बाई? नेमकं?”

श्यामकांतांनी सांगितलं. नातीची शपथ, डोळे, खडकी. पानवाल्याचं मात्र सांगितलं नाही. कुमुदसमोर ते तोंडातून निघेना.

“आणि तुम्हाला खरं वाटलं.”

“वाटलं. थोडंसं. ती वाईट बाई नाही, उत्तरा.”

“तिने हेच हिंदीत सांगितलं असतं तर वाटलं असतं, बाबा?”

शेजारच्या खोलीत कार्टूनमधला उंदीर ओरडत होता.

“घर बदलू,” ते शेवटी म्हणाले. “आमच्याकडे चला.”

“तुमचा पत्ता तर तुम्ही स्वतः अहवालात घालून दिलाय.” ती हसली, पण त्या हसण्यात काही नव्हतं. “नाही. बस्स झालं यार. राधाची परीक्षा आहे. मी हे घर घेताना पहिल्यांदा पडद्यांना माप घेतलं, बाबा. आधीच्या तीन घरांत मी पडदेसुद्धा शिवले नव्हते. मी नाही जाणार.”

“हट्ट करू नकोस.”

“हट्ट नाही हा. कुठे जाऊ, सांगा ना. आणि किती दिवस? तीन आठवडे? आठ वर्षं?”

दुसऱ्या दिवशी श्यामकांत जवळच्या ठाण्यात गेले. ड्युटीवरच्या हवालदाराने नीट ऐकून घेतलं. धमकी का कोई कॉल? नाही. कोई पीछा? नाही. मग म्हणाला, एक म्हातारी मराठी समजते एवढ्यावर मी काय लिहू, अंकलजी? तरी त्याने बीटच्या गस्तवाल्यांना सांगून ठेवलं. एक मोटारसायकल रोज सोसायटीच्या फाटकाशी येई आणि शिपाई वहीत सही करून जाई.

आदेश दहा दिवसांनी आला. तीन आठवडे पॅरोल. रोज सकाळी नरेल्याच्या बाजूच्या ठाण्यात हजेरी, मोबाईल चालू ठेवणं, आणि ‘पीडित कुटुंब जेथे असेल तेथपासून दूर राहणं’. श्यामकांतांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मॅडमनी त्यांच्यासाठी जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं केलं होतं. आणि दूर राहायचं तर कुठे राहतात ते आधी माहीत हवं, हेही त्या वाक्यात होतंच.

सतबीर सुटला त्या दिवसापासून ते रोज दुपारी वसुंधराहून द्वारकेला येऊ लागले. मेट्रोच्या ब्लू लाइनचा हा जवळजवळ सबंध पट्टा. व्हॅन यायच्या आधी मागच्या फाटकाशी उभे राहायचे, राधाला वर न्यायचे, उत्तरा आली की परत. राधाला मजा वाटायची.

“आजोबा, तुम्ही पण नोकरी धरली का?”

“हो. सिक्युरिटी.”

“मग युनिफॉर्म कुठे?”

“साध्या वेशातला आहे मी.”

“साधा वेश म्हणजे काय?”

त्यांनी तिला ते हिंदीत समजावून सांगितलं.

सकाळी ते नरेल्याच्या ठाण्यात फोन करत. हाज़िरी लगी? लगी. पहिल्या आठवड्यात अंगूरीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हेही तिथूनच कळलं. लड़का तो सेवा कर रहा है माँ की, ठाण्याचा कारकून, मुन्शी, म्हणाला. दुसरा आठवडा गेला. कुमुदताई पुन्हा फोनवर लांबलचक बोलू लागल्या. श्यामकांत मेट्रोत बसल्या बसल्या त्या बाईचा विचार करत. घरात ती आणि तो, दोघंच. डोळ्यावर पट्टी, हातात त्याने दिलेला चहा. एखाद्या संध्याकाळी तो सहज मराठीत विचारेल, त्या दिवशी कचेरीत कोण कोण भेटलं, आई? तिने पिशवीवर ठेवलेला हात त्यांना आठवे आणि वाटे, नाही सांगायची. मग तिचं दुसरं वाक्य आठवे, विचारायची त्याची पद्धत वेगळी आहे.

एकदा त्यांनी उत्तराला विचारलं, तुला भीती वाटत नाही का? ती भाजी चिरत होती. “वाटते,” म्हणाली. “पण आता मला माझ्या पडद्यांच्या आत वाटते.”

शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, सतबीरला संध्याकाळी पाचपर्यंत तुरुंगाच्या फाटकावर हजर व्हायचं होतं. सकाळी मुन्शीने सांगितलं, हाज़िरी लगी, पट्टी दिखाने अस्पताल जा रहा है माँ को लेकर, वहीं से सीधा जेल. श्यामकांतांनी कुमुदला सांगितलं, आज गोड काहीतरी कर. अडीचच्या जरा आधी ते फाटकाशी पोचले.

“अंकलजी,” गार्ड म्हणाला, “एक अम्मा आई थी आपको पूछते हुए. एक आँख पर पट्टी.”

“कधी? कब?”

“घंटा भर हुआ. बोली, सात सौ तीन वाली बच्ची के नानाजी से मिलना है. मैंने कहा ढाई बजे आते हैं रोज़, बैठ जाओ. बैठी नहीं.”

“फ्लैट नंबर तुमने बताया?”

“नहीं जी. उसी ने बोला.”

“अकेली थी?”

“गेट पर तो अकेली थी.”

व्हॅन आली. राधा उतरली, पाण्याची बाटली हरवल्याचं सांगू लागली. श्यामकांतांनी तिचा हात इतका घट्ट धरला की ती “आजोबा, दुखतंय” म्हणाली. गार्डच्या केबिनमधून त्यांनी उत्तराला फोन केला आणि मग ठाण्यात. बोलताना ते आपोआप हिंदीत बोलत होते, उत्तराशीसुद्धा.

“बाबा, मराठीत बोला,” ती पलीकडून ओरडली. “काय झालं नीट सांगा!”

चारला दोन शिपाई आले. त्यांनी कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. एक वाजून गेल्यावर अंगूरी फाटकाशी दिसते. गार्डशी बोलते, वर टॉवरकडे पाहते, जणू मजले मोजतेय. मग वळून हळूहळू रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या ऑटोपर्यंत जाते. ऑटोत चढताना ती आधी आत कुणाला तरी सरकायला सांगितल्यासारखी थांबते, किंवा पायरी चाचपते. आत पलीकडच्या बाजूला काहीतरी काळसर आहे. शिपायाने चित्र थांबवून मोठं केलं.

“बाँह लग रही है किसी की,” पहिला म्हणाला.

“थैला भी हो सकता है,” दुसरा म्हणाला.

उत्तरा धापा टाकत आली. तिने चित्र पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, तिसऱ्यांदा पाहिलं.

“ही सांगायला आली होती,” श्यामकांत म्हणाले. “मला विचारत होती ती. मुलीला नाही, मला. काहीतरी सांगायचं होतं तिला.”

“किंवा दाखवायला आली होती,” उत्तरा म्हणाली. “घर.”

कुमुदताईंचा फोन येत होता. कुणी उचलला नाही.

नरेल्याच्या ठाण्यातून माणूस गावात जाऊन आला. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, सकाळी दोघं अस्पतालला म्हणून निघाले. हॉस्पिटलच्या नोंदीप्रमाणे अंगूरी त्या दिवशी तपासणीला आलीच नव्हती. ऑटोचा नंबर चित्रात अर्धाच दिसत होता. सतबीरचा मोबाईल दुपारी बारापासून बंद होता.

साडेपाचला शिपायाने तुरुंगाच्या फाटकावर फोन लावला. पलीकडच्या माणसाने वही पाहून सांगितलं की त्या नावाचा कैदी अजून हजर झालेला नाही, आणि फाटक सहापर्यंत उघडं आहे. सहा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं, फक्त फाटक बंद झालं होतं.